भाडेकरारावर नाव कुणाचं?

परदेशात पहिलं घर आपल्याच माणसांबरोबर भाड्याने घेतोयस, चांगलंय. पण करार नीट वाच. सगळ्यांच्या सह्या एकाच करारावर असतील, तर बऱ्याच देशांत एकाने भाडं बुडवलं की घरमालक उरलेल्यांकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. आणि तुझं नावच नसेल, तर पत्त्याचा पुरावा मिळणं अवघड. मग बँकेचं खातंही अडतं.

आमचा एक मित्र मध्येच नोकरी बदलून निघून गेला. त्याचं डिपॉझिट कुणी परत करायचं, यावरून 2 महिने अबोला! मालक डिपॉझिट घर पूर्ण रिकामं झाल्यावरच परत देणार, हे आधी कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून मी आत शिरतानाच भिंतीवरचे डाग, बेसिनची चीर, मीटरचा आकडा, सगळ्याचे फोटो काढतो आणि त्याच दिवशी मालकाला ईमेल करतो. (मित्र हसतात. हसू देत.)

हीटरवरून भांडणं होणारच, ती सोड. आणि हो, पासपोर्टची मुदत 6 महिन्यांवर येण्याआधीच नूतनीकरणाचा अर्ज टाक; त्याहून कमी मुदत असली तर अनेक देश प्रवेशच देत नाहीत.