एस २३ चांगला चालत असताना पुढचा फ्लॅगशिप घ्यावा का?

तू लिहिलंयस की २०२३ ला घेतलेला गॅलक्सी एस २३ आहे, १२८ जीबीवाला, दुपारी चारपर्यंत बॅटरी संपते, उन्हात गरम होतो, पुढचा फ्लॅगशिप (कंपनीचा वरच्या श्रेणीचा फोन) आता दोन महिन्यांवर आलाय, पगार ३२ हजार, पुण्यातले मित्र म्हणतात ईएमआयवर उचलून टाक आणि वडील म्हणतात चालू फोन कशाला बदलायचा. जुळे सोलापूरचा आहेस हे वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय, वयानं लहान वाटतोस म्हणून तू म्हणतोय, राग मानू नको.

माझं मत आधीच सांगतो, आत्ता घेऊ नको. आधी बॅटरी बदल, पंधरा दिवस वापर आणि मग ठरव. वडिलांची बाजू घ्यायची म्हणून म्हणत नाही, मी स्वतः ८० हजार घालवायच्या अगदी काठावर आलो होतो म्हणून सांगतोय.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, आणि पार्टीला सॅम्पलचे फोटो पाठवायचं कामही माझ्याकडंच असतं. टॉवेलच्या रंगात जरा फरक पडला की माल परत येतो, त्यामुळं कॅमेरा चांगला लागतोच, म्हणून २०२२ चा एका मोठ्या कंपनीचा फ्लॅगशिप घेतला होता. तीन वर्षं मस्त चालला. गेल्या मे महिन्यात त्यानं त्रास द्यायला सुरुवात केली, ३० टक्के दाखवायचा आणि फोटो काढायला गेलं की धप्पकन बंद, परत चालू केला की २२ टक्के. कारखान्यात पत्र्याखाली दुपारी काय परिस्थिती असते ते तुला सांगायला नको, बाहेर ४३ असेल तर आत त्याहून जास्त. मला वाटलं संपला फोन. ऑनलाइन नवीन मॉडेल कार्टमध्ये टाकलं, कार्डावर बारा महिन्यांचा हप्ता पण बघून ठेवला, फक्त जुन्या फोनला एक्सचेंजमध्ये किती येतात ते विचारायला म्हणून नवी पेठेत एका ओळखीच्या रिपेअरवाल्याकडं गेलो.

त्यानं फोन हातात घेतला, पाठीमागच्या काचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "फोनला काय झालं नाही ओ, बॅटरी गेलीय. काच एका बाजूनं उचललीय बगा." खरंच केसाएवढी फट होती, मी कव्हर घालून वापरत होतो म्हणून कधी दिसलीच नाही. त्यानं फोन गरम प्लेटवर ठेवून मागची काच सैल केली, पातळ प्लास्टिकची पट्टी फिरवत ती काढली, बॅटरीखाली आयपीएचे, म्हणजे गोंद सैल करणाऱ्या अल्कोहोलचे, चार थेंब सोडले आणि गोंद सुटेपर्यंत शांत बसला. घाई केली तर पेटते म्हणाला. मग बॅटरी निघाली ती काउंटरच्या काचेवर ठेवून बोटानं हलकी फिरवली, आणि ती भोवऱ्यासारखी गरगर फिरली. चांगली बॅटरी सपाट असते, ती अशी फिरत नाही, मधे फुगलेली असेल तरच एका ठिपक्यावर टेकून फिरते. तू घरी हे करत बसू नको, फुगलेली बॅटरी दाबली किंवा टोचली गेली तर आग लागू शकते, पण मला त्या एका गोष्टीनं जे कळलं ते दहा रिव्ह्यू बघून कळलं नव्हतं. ओरिजिनल बॅटरी मागवून दोन दिवसांत बसवून दिली, सगळे मिळून २,८०० रुपये गेले. अजून तोच फोन वापरतोय, सॅम्पलचे फोटो त्याच्यावरच काढतो.

आता असं का होतं ते सांगतो, कारण सोलापुरात राहणाऱ्यानं हे समजून घेतलंच पाहिजे. लिथियम आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही. सॅमसंग काय आणि ॲपल काय, दोघेही फोन वापरायचं तापमान ० ते ३५ अंश सांगतात, आणि आपल्याकडं मार्चपासूनच पारा त्याच्या वर जातो. त्यात आपण काय करतो, रात्रभर चार्जिंगला लावून १०० टक्के भरतो आणि सकाळी तोच फोन गाडीच्या हँडलवर उन्हात अडकवून मॅप लावतो. पूर्ण भरलेली बॅटरी आणि उष्णता हे दोन्ही एकत्र आलं की आतल्या रसायनाची झीज लै वेगानं होते. (हँडलवरच्या होल्डरबद्दल अजून एक, ॲपलनं २०२१ मध्येच सांगितलंय की मोटारसायकलच्या सततच्या हादऱ्यानं कॅमेऱ्याचं ओआयएस, म्हणजे फोटो हलू नये म्हणून लेन्स सांभाळणारी यंत्रणा, खराब होऊ शकतं, आणि आपले रस्ते तुला माहीतच आहेत, खिशात ठेव.) म्हणजे तुझा फोन गरम होतो, लवकर उतरतो, मधेच अडकतो यातलं बरंचसं बॅटरीचं दुखणं असायची शक्यता जास्त आहे, कारण बॅटरी थकली की तिचा व्होल्टेज टिकत नाही आणि कॅमेरासारखं जड काम आलं की फोन कोलमडतो. आणि नवीन ८० हजाराचा फोन घेतलास तरी त्यातली बॅटरी पण लिथियमचीच असणार, आणि मे महिना त्यालाही चुकणार नाही.

आता तुझ्या एस २३ बद्दल. त्यात स्नॅपड्रॅगन ८ जेन २ हा प्रोसेसर आहे, तैवानच्या टीएसएमसी या चिप कंपनीनं बनवलेला, आणि त्याच्या आधीच्या वर्षीच्या चिपपेक्षा तो थंड चालतो म्हणून त्याचं नाव झालं होतं. यूपीआय, रील, व्हॉट्सॲप, अगदी गेमला सुद्धा तो आज कमी पडत नाही. आणि पुढच्या मॉडेलमध्ये नक्की काय वाढतं हे बघायचं तर २०२५ चा एस २५ तुझ्या फोनशेजारी ठेवून बघ. मेन कॅमेरा ५० मेगापिक्सल, याचाही ५०. झूमचा १० मेगापिक्सल ३ एक्स, याचाही तोच आकडा. अल्ट्रावाइड १२, तोही १२. चार्जिंग २५ वॅट, तिथंही २५. बॅटरी ३,९०० वरून ४,००० एमएएच. स्क्रीन ६.१ ची ६.२ इंच. प्रोसेसर नक्कीच जोरात आहे, रॅम ८ वरून १२ झालीय, वजन ६ ग्रॅम कमी, हे मान्य. पण दोन पिढ्यांनंतर एवढंच वाढलं असेल तर तिसऱ्या पिढीसाठी आत्तापासून जीव टाकायचं कारण नाही असं मला वाटतं.

मुद्द्याचा फरक एकच आहे आणि तो म्हणजे अपडेट. एस २४ पासून सॅमसंगनं सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलंय, गुगलनं पिक्सल ८ पासून तेच केलं. तुझ्या एस २३ ला चार अँड्रॉइड अपग्रेड आणि पाच वर्षं सिक्युरिटी पॅच असा शब्द होता. फोन आला फेब्रुवारी २०२३ ला, अँड्रॉइड १३ वर, म्हणजे अँड्रॉइड १७ पर्यंत आणि सिक्युरिटी साधारण २०२८ च्या सुरुवातीपर्यंत. बँकेचे ॲप आणि पैसे ज्या फोनवर आहेत त्यात सिक्युरिटी पॅच यायचे थांबले की तो फोन बदलायचाच, तिथं मी कुणाचं ऐकणार नाही. पण ती वेळ तुझ्यावर अजून आलेली नाही.

हप्त्याचं पण बोलूया कारण मित्र तिथंच फसवतात, म्हणजे मुद्दाम नाही, त्यांनाही माहीत नसतं. नो कॉस्ट ईएमआयमध्ये बँक व्याज लावते आणि तेवढीच सूट किमतीतून कमी करून दाखवते, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो तुझ्याच खिशातून जातो, वर बऱ्याच बँका प्रोसेसिंग फी घेतात आणि फीवर पण जीएसटी. ८० हजाराचा फोन, बारा महिने, व्याज १६ टक्के धरलं तर नुसता जीएसटीच हजाराच्या वर जातो. ते सोड, मूळ हप्ताच ६,६०० च्या पुढं जातो, ३२ हजारातले. म्हणजे पगाराचा पाचवा भाग वर्षभर एका फोनला. घरी आजारपण निघालं, गाडीचं काम निघालं तर तो हप्ता थांबत नाही रे, मी कारखान्यात पोरांचे ॲडव्हान्सचे अर्ज रोज बघतो, त्यात फोनचे हप्ते किती असतात ते मला माहीत आहे, वाईट वाटतं.

तरी कधी घ्यावा हे पण सांगतो, म्हणजे एकतर्फी नको. स्क्रीनवर हिरवी किंवा गुलाबी उभी रेघ आली असेल तर गणित बदलतं, कारण अमोलेड डिस्प्ले वॉरंटीबाहेर बदलायला जी रक्कम लागते तेवढी जुन्या फोनमध्ये घालणं जिवावर येतं. दुसरं, १२८ जीबी खरंच भरली असेल, फोटो कॉम्प्युटरवर किंवा हार्डडिस्कवर काढून ठेवून सुद्धा जागा होत नसेल. एस २३ ला मेमरी कार्डची जागा नाही, त्यामुळं ती अडचण खरी आहे. तिसरं, फोनवर तुझी कमाई असेल, लग्नाचे व्हिडिओ वगैरे. यातलं काही असेल तरी लाँचच्या आठवड्यात घेऊ नको, नवीन मॉडेल आलं की मागच्या वर्षीचा फ्लॅगशिप खाली येतो, आणि सात वर्षांच्या अपडेटमुळं तो एक वर्ष जुना असला तरी पुढची सहा वर्षं हातात राहतात. मला घ्यायचा झाला तर मी तोच घेईन. सेकंडहँड बघणार असशील तर पैसे द्यायच्या आधी *#०६# टाकून, म्हणजे स्टार हॅश शून्य सहा हॅश, आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) काढ आणि केवायएम लिहून स्पेस देऊन तो नंबर १४४२२ ला एसएमएस कर, काळ्या यादीतला असेल तर तिथंच कळतं. बिलाशिवाय घेऊच नको.

आता या आठवड्यात करायचं काम. सॅमसंग मेंबर्स ॲप उघड, त्यात फोनची तपासणी करायची सोय आहे, बॅटरीची स्थिती काय दाखवतो ते बघ. मग आधी सर्व्हिस सेंटरला जा, ओरिजिनल बॅटरी आणि मागच्या काचेचं नवीन चिकटवण मिळून खर्च किती ते विचारून घे. एकदा काच उघडली की पाण्यापासूनचं संरक्षण पहिल्यासारखं राहील याची खात्री नसते, म्हणून नंतर जरा जपून. स्वस्तातली कॉपी बॅटरी बसवू नको, पाचशे-हजार वाचवायला जाशील आणि सहा महिन्यांत परत तिथंच येशील. बदलल्यावर सेटिंगमध्ये बॅटरी प्रोटेक्शन आहे, तिथं ८० टक्क्यांची मर्यादा लाव, उन्हाळ्यात तर नक्कीच.

आणि कॅमेरा कमी पडतो असं जर मनात असेल तर आता गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वराची यात्रा, तोंडावर आलाय. मागच्या यात्रेत होम मैदानावर दारूकाम बघायला मी आणि माझा भाचा शेजारी शेजारी उभे होतो, त्याचा नवाकोरा फ्लॅगशिप, माझा २०२२ चा. घरी येऊन टीव्हीवर दोन्ही व्हिडिओ लावले, लांबचं झूम करून घेतलेलं त्याचं स्वच्छ होतं, माझ्यात रवाळपणा होता, बाकी नंदीध्वजांची मिरवणूक, बाराबंदी (यात्रेतला पांढरा पारंपरिक पोशाख) घातलेली माणसं, जवळचे चेहरे यात माझ्या बहिणीला कुठला कुणाचा ते ओळखता आलं नाही. तू पण बॅटरी बदलून तुझा एस २३ घेऊन जा, संध्याकाळभर फोटो-व्हिडिओ काढ, आणि रात्री घरी पोचल्यावर किती टक्के राहिलीय ते बघ. वडिलांनाही सोबत ने.