युरिया, पऱ्हाटी आणि अनुदान : काटोल-कळमेश्वरच्या शेतकऱ्यांना उत्तर

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल आणि कळमेश्वर तालुक्यांतून आलेल्या प्रश्नांचा सूर एकच आहे. युरिया स्वस्त सरकारनेच ठेवला आणि आता कमी टाका असेही सरकारच सांगते. आम्ही पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या उरलेल्या काड्या, पेटवली की प्रदूषण, मग कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या चिमण्यांतून काय अत्तर निघते? आणि जमीन-पाणी जपायचे तर त्याचा खर्च कोणी सोसायचा?

पहिल्या तक्रारीत तथ्य आहे. 2010 मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान सुरू झाले, तेव्हा युरिया त्यातून बाहेर ठेवला गेला. स्फुरद-पालाशाची खते महागली, युरिया तिथेच राहिला. 45 किलोची बॅग 266 रुपये 50 पैसे आणि डीएपी या स्फुरदयुक्त खताची 50 किलोची 1350 रुपये, असा भाव असला की हात युरियाकडेच जाणार. त्यात शेतकऱ्याचा अडाणीपणा शोधणारे मला पटत नाहीत. केंद्राच्या पीएम-प्रणाम योजनेत रासायनिक खत कमी वापरल्याने वाचलेल्या अनुदानाचा निम्मा वाटा परत मिळतो खरा, पण तो राज्याला. तुमच्या खात्यात नाही. ही उणीव ग्रामसभेत, शेतकरी मेळाव्यात मांडत राहा.

मात्र तो निकाल लागेपर्यंत वावरात बॅगा ओतत राहण्यात नुकसान तुमचेच आहे. पेरणीनंतर साधारण 40 दिवसांनी सोयाबीनचे एक झाड खुरपीने मुळासकट काढा, मुळे पाण्यात धुवा आणि त्यावरच्या गाठी नखाने फोडून पाहा. आतून गुलाबी-लालसर निघाल्या तर त्या हवेतला नत्र (नायट्रोजन) पिकाला पुरवत आहेत. तिथे वरून युरिया देणे म्हणजे गोठ्यात दुभती गाय असताना पाकिटाचे दूध आणणे. उलट जादा नत्राने गाठी कमी धरतात. गाठी हिरवट किंवा पोकळ दिसल्या तर पुढच्या पेरणीला बियाण्यास रायझोबियम हे जिवाणू खत लावायला विसरू नका. कपाशीला नत्र लागतोच, पण विभागून. पावसाच्या उघडिपीनंतर पीक पटकन हिरवे दिसावे म्हणून एक बॅग जास्त टाकली की लुसलुशीत पानांवर तुडतुडे आणि मावा येतो, मग फवारणीचा खर्च वेगळा. कृषी केंद्रात युरियासोबत दुसरा माल गळ्यात मारत असतील तर पक्के बिल घ्या आणि तालुका कृषी कार्यालयात लेखी तक्रार द्या.

आता पऱ्हाटी. जाळल्याने बोंडअळी मरते, हे तुमचे म्हणणे खोटे नाही. न उमललेल्या किडक्या बोंडात गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत बसून राहते, म्हणून तर फरदड (हंगामानंतर लांबवलेली कपाशी) घेऊ नका, डिसेंबरअखेर वावर मोकळे करा असे आम्ही सांगतो. पण बहुतेकांची पऱ्हाटी पेटते उन्हाळ्यात. तोवर ती धुऱ्यावर नाहीतर गोठ्यामागे रचलेली असते, म्हणजे अळीच्या मुक्कामाची सोय आपणच केलेली असते. त्यापेक्षा शेवटची वेचणी झाली की लगेच श्रेडर यंत्राने कुटी करा. बोंडे चिरडली जातात, काडी मातीत जाते आणि काळ्या जमिनीला हवा असलेला सेंद्रिय कर्ब मिळतो. श्रेडरसाठी राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अनुदानाचा अर्ज करता येतो. एकट्याने घेण्यापेक्षा गटाने घेतलेला परवडतो.

चिमण्यांच्या धुराचे उत्तर कृषी खात्याकडे नाही, ते प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागा. राख पिकावर बसत असेल तर तारखेसह फोटो ठेवा आणि पंचनाम्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज द्या. यात एक गंमत आहे. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात काही प्रमाणात बायोमास पेलेट (काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या गोळ्या) मिसळावेत, असे केंद्राचे धोरण आहे आणि पेलेट पऱ्हाटीचेही होतात. सिरकॉट या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या नागपुरातल्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात या कामाची माहिती मिळते. मात्र गोळा करणे आणि वाहतूक यातच पैसा जातो, त्यामुळे शेतकरी उत्पादक कंपनी असेल तरच हिशेब मांडा. खरेदीदार पक्का झाल्याशिवाय यंत्रात पैसे घालू नका.

पाण्याचेही युरियासारखेच झाले आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपाला वीज मोफत, म्हणून संत्र्याला मोकाट पाणी आणि दरवर्षी बोअर आणखी खोल. खर्च कोणी सोसायचा, या प्रश्नाचे बरे उत्तर निदान इथे आहे : ठिबकला अल्प व अत्यल्प भूधारकांना 80 टक्के आणि इतरांना 75 टक्के अनुदान, तेही मंजूर खर्चमर्यादेवर. पूर्वसंमतीच्या आधी संच खरेदी केला तर अनुदान अडकते. शेतकरी ओळख क्रमांक काढला नसेल तर आधी तो काढून घ्या, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.