वर्षभर टाच दुखतेय, दुर्बिणीच्या ऑपरेशनने कायमचा आराम पडेल का?

बऱ्याच जणांना पडतो, पण घाई नको. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या चार पावलांना टाचेत सणक जात असेल, तर बहुधा हा प्लांटार फॅसायटिस, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळव्याच्या जाड पट्ट्याचं दुखणं. दहापैकी साधारण नऊ जण पोटरी ताणण्याचे व्यायाम आणि मऊ तळाच्या चपलेवरच 6 ते 12 महिन्यांत बरे होतात. (घरात फरशीवर अनवाणी फिरणं आधी बंद करा!) तरीही दुखणं हटलं नाही, तरच ऑपरेशन. टाचेच्या बाजूला छोटा छेद घेऊन तळव्याच्या जाड पट्ट्याचा फक्त आतल्या बाजूचा भाग कापतात. पूर्ण कापला तर पायाची कमान बसते, बाहेरच्या कडेला नवंच दुखणं लागतं. एक्स-रेत दिसणाऱ्या वाढीव हाडाला घाबरू नका, ते न दुखणाऱ्या टाचेतही सापडतं. मधुमेह असेल तर जखम भरण्याबद्दल सर्जनना आधीच विचारा.