वॉरंट नसताना अटक: पोलिसांचा अधिकार कुठवर?

प्रश्न: सोसायटीत दुचाकी लावण्यावरून माझ्या पुतण्याचे शेजाऱ्याशी भांडण झाले आणि थोडी धक्काबुक्कीही झाली. संध्याकाळी दोन पोलीस घरी आले आणि 'साहेबांनी बोलावलंय' एवढेच सांगून त्याला ठाण्यात घेऊन गेले. मोबाइल काढून घेऊन रात्री साडेअकरापर्यंत त्याला बाकावर बसवून ठेवले. आम्ही विचारले तेव्हा 'अटक नाही, नुसती चौकशी आहे' असे उत्तर मिळाले. वॉरंट नव्हते. हे कायद्याला धरून आहे का?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर: 'अटक नाही, नुसती चौकशी आहे' या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण लोकांची सर्वाधिक फसगत तिथेच होते. ज्याला उठून घरी जाण्याची मुभा नाही, त्याचे स्वातंत्र्य हिरावले गेलेलेच असते, मग ठाण्याच्या नोंदवहीत काहीही लिहिलेले असो. साक्षीदार म्हणून बोलवायचे असले, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे अटक आणि तपासाची कार्यपद्धती ठरवणाऱ्या कायद्याच्या, कलम १७९ प्रमाणे लेखी आदेश द्यावा लागतो.

ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली असून वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार तिच्या कलम ३५ मध्ये आहे. तो प्रामुख्याने दखलपात्र गुन्ह्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांत पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास सुरू करू शकतात अशा गुन्ह्यांसाठी. साधी दुखापत आणि शिवीगाळ हे मात्र अदखलपात्र गुन्हे आहेत. तिथे पोलीस 'एन.सी.', म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करतात आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्यांना तपासही करता येत नाही, मग अटक तर दूरच. भांडण चिघळून दखलपात्र गुन्हा घडणार आणि तो अन्य मार्गाने टळणार नाही असे दिसल्यास कलम १७० खाली प्रतिबंधात्मक अटक करता येते, पण तीही अटकच असते आणि तिची नोंद व्हावीच लागते.

गुन्हा दखलपात्र असला तरी सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या प्रकरणात 'गुन्हा दाखल आहे' एवढे कारण पुरत नाही. आरोपी पुरावा नष्ट करील, साक्षीदारांवर दबाव आणील, पुन्हा गुन्हा करील किंवा न्यायालयात हजर राहणार नाही, अशा कारणांमुळे अटक का आवश्यक आहे, हे अधिकाऱ्याने लिहून ठेवले पाहिजे. तशी आवश्यकता नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात हे निःसंदिग्धपणे सांगितले, तरीही इतक्या वर्षांनंतर तुमच्यासारखी पत्रे येतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रत्यक्ष अटक झालीच, तर अटक करणाऱ्याच्या गणवेशावर नाव स्पष्ट दिसले पाहिजे. अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या किंवा परिसरातील एका प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते, आणि अटक झालेल्याचीही. तो कागद वाचल्याशिवाय आणि त्यावरील वेळ तपासल्याशिवाय सही करू नये, कारण चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याचे बंधन पाळले गेले की नाही, हे पुढे त्या वेळेवरूनच पाहिले जाते. अटकेची कारणे त्या व्यक्तीला आणि नातेवाइकांना कळवावी लागतात. चौकशीच्या दरम्यान वकिलाला भेटता येते, मात्र वकील सर्व वेळ शेजारी बसू शकत नाही. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अपवादात्मक कारणाशिवाय अटक करता येत नाही.

आता तुम्ही काय करावे? घडलेला प्रकार तारीख आणि वेळेसह लिहून पोलीस उपायुक्तांकडे अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. त्याच अर्जात त्या संध्याकाळचे ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी करा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या आदेशाप्रमाणे पोलीस ठाण्यांत कॅमेरे असणे बंधनकारक आहे, पण चित्रण कायमचे राहत नाही, म्हणून हा अर्ज याच आठवड्यात द्या. वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत साहाय्याबाबत चौकशी करता येईल.