पहिल्या रायफलीची नळी किती घासायची?

प्रश्न असा आहे: .३०८ कॅलिबरची बोल्ट-ॲक्शन (मागचा दांडा, म्हणजे बोल्ट, हाताने सरकवून भरायची), शिकारीची पहिलीच रायफल; नळी किती वेळा साफ करायची, तेल कोणतं वापरायचं आणि सुरुवात कशी करायची?

तेल कुठलंही चांगलं गन ऑइल चालतं, त्यावर डोकं शिणवू नका. मला आधी हे सांगा, सळई नळीत कुठून घालणार आहात?

माझी पहिली रायफल काकांची. ते तिला फार जपायचे. दर रविवारी संध्याकाळी वर्तमानपत्र पसरायचं, तीन तुकड्यांची ॲल्युमिनियमची सळई जोडायची आणि नळीच्या तोंडातून आत-बाहेर, आत-बाहेर. आठवड्यात एकही गोळी झाडलेली नसली तरी. सळईचा जोड तोंडाच्या कडेवरून जाताना 'खर्र' व्हायचं. मी एकदा म्हणालो, "काका, बोल्ट काढून मागून घाला ना." "तू जन्मलाही नव्हतास तेव्हापासून साफ करतोय," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला.

रायफल माझ्याकडे आली तेव्हा पेटीत त्यांचं एक जुनं टार्गेट होतं. १०० मीटरवर पाच गोळ्या, सगळ्या ३ सेंटिमीटरच्या आत. माझ्या पाच गोळ्या ९ सेंटिमीटरभर पसरायच्या. काका म्हणाले, तुझा हात हलतो. मला ते खरं वाटलं. अख्खा हंगाम मी स्वतःला दोष देत होतो. मग तीन प्रकारची काडतुसं बदलली, स्कोपच्या रिंगांचे स्क्रू पुन्हा आवळले, शेवटी नवा स्कोप घेतला. फरक शून्य. त्याच हंगामात एक जनावर जखमी होऊन निसटलं. अंधार पडेपर्यंत रक्ताचा माग काढला, पण ते हाती लागलं नाही. ते आजही सलतं.

शेवटी एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्याने कान साफ करायची कापसाची काडी घेतली आणि नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून हळूच फिरवली. वरच्या बाजूला काडी गुळगुळीत सरकली, खाली आल्यावर कापसाचे चार तंतू कडेला अडकून राहिले. मग काडतुसात न भरलेली एक सुटी गोळी त्याने टोकाकडून तोंडात धरली. एका बाजूला गोळी चिकटून बसली होती, दुसऱ्या बाजूला उजेड दिसत होता. गोळीला नळीचा शेवटचा स्पर्श होतो तो याच कडेचा. कड एका बाजूने झिजली की मागचा गॅस तिथून आधी सुटतो आणि गोळीच्या बुडाला तिरका धक्का बसतो. त्याने नळी १२ मिलिमीटर कापली, तोंडाची कड नव्याने घडवली. त्याच काडतुसांनी पसारा पुन्हा ३ सेंटिमीटरवर आला. आणि हो, काकांचा जुना स्कोप परत चढवून. तोच आजही आहे.

म्हणून सांगतो: सळई अखंड घ्या, बोल्ट काढा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, गाइड (सळई सरळ ठेवणारी नळी) बसवा आणि मागून पुढे ढकला. चिंधी तोंडातून बाहेर पडली की काढून टाका, मळकी परत आत ओढू नका. दर वेळी चकचकीत करायची गरज नाही. माझी मी वीस-तीस गोळ्यांनंतर किंवा गोळ्या पसरायला लागल्या तरच नीट साफ करतो. पावसात, दमट हवेत फिरून आलात तर मात्र त्याच रात्री तेलाची एक चिंधी फिरवा आणि बाहेरून घामाच्या हातांचे ठसे पुसा, गंज बऱ्याचदा बोटांच्या ठशांतूनच सुरू होतो. थंडीतून उबदार खोलीत आणली तर लोखंडावर दव धरतं, ते पुसूनच ठेवा. तांबं काढायच्या द्रावणाने चिंधी निळी होते. पितळी किंवा कांस्य ब्रश वापरला तर ती ब्रशमुळेही निळी होते, त्यामुळे निळा रंग पाहून घासतच बसू नका. झाडण्याआधी कोरडी चिंधी न विसरता फिरवा. नळीत तेल राहिलं तर पहिली गोळी भलतीकडे जाते, आणि शिकारीत तीच एक गोळी हाती असते.

सुरुवातीचं थोडक्यात. बोल्ट काढून नळीतूनच २५ मीटरवरचं टार्गेट बघा, स्कोप त्यावर आणा, मग १०० मीटरवर जा. पाव मिनिटाच्या (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) स्कोपचा एक क्लिक तिथे साधारण ७ मिलिमीटर सरकवतो. एका गोळीवरून क्लिक फिरवू नका, तीन झाडून त्यांचा मध्य धरा. मध्ये नळी गार होऊ द्या. थंड नळीची पहिली गोळी कुठे लागते ते रोज वहीत लिहा. आणि घरी रिकाम्या चेंबरवर चाप ओढायचा सराव करा. दणक्याच्या भीतीने डोळे मिटायची सवय याशिवाय जात नाही.

आता दोन गोष्टी राहिल्या. लिव्हर-ॲक्शन (चापाजवळची कडी खाली-वर करून भरायच्या) आणि काही सेमी-ऑटो रायफलींत मागून सळई जातच नाही. तिथे दोरीची चिंधी ओढा, नाहीतर तोंडाला गार्ड लावून सळई घाला. दुसरं, जुनी लष्करी काडतुसं वापरत असाल तर माझं वरचं ऐकू नका. त्यांतल्या पुष्कळांच्या प्रायमरमधून (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) नळीत क्षार उरतो, तो ओल धरतो आणि तेलात विरघळत नाही. त्याच दिवशी पाण्याने धुवून, कोरडं करून मग तेल. त्या काळी रोज घासायला कारण होतं, आणि त्या घासण्याने तोंडं झिजलेल्या कितीतरी मोसिन-नागांट या जुन्या रशियन लष्करी रायफली नंतर आतून कोरून दुरुस्त कराव्या लागल्या. काकांची काडतुसं मात्र तसली नव्हती. सगळे डबे मी नीट तपासलेत.