विकीची प्रत लॅपटॉपवर

प्रश्न : आमच्या गटाची सर्व माहिती मीडियाविकीवर चालणाऱ्या एका विकीत आहे. इंटरनेट नसतानाही ती लॅपटॉपवर वाचता यावी, दुरुस्त करता यावी आणि कोणी केव्हा काय बदलले तेही दिसावे, अशी इच्छा आहे. हे गिटने साधेल का? (एक वाचक)

उत्तर : गिट म्हणजे फायलींतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली. तिने हे साधेल, मात्र ते किती सहज साधेल, हे विकी आपली पाने कोठे साठवते यावर अवलंबून असते. गिटहब या संकेतस्थळावरील विकी ही मुळातच स्वतंत्र गिट रिपॉझिटरी (फायली व त्यांच्या इतिहासाचा साठा) असल्याने ती क्लोन केली, म्हणजे तिची इतिहासासह प्रत उतरवली, की काम झाले. डोकुविकीची पानेही साध्या मजकुराच्या फायलींत असतात. मीडियाविकी मात्र पाने आणि त्यांच्या जुन्या आवृत्त्या डेटाबेसमध्ये ठेवते, म्हणून आपल्याला 'गिट-रिमोट-मीडियाविकी' हा दुभाषा मध्ये घ्यावा लागेल. तो विकीच्या एपीआयकडून (इतर प्रोग्रामना माहिती देणाऱ्या दारातून) आवृत्त्या मागवून घेतो आणि प्रत्येक आवृत्तीची, संपादकाचे नाव, वेळ व संपादन-सारांश यांसह, एक कमिट (गिटमधील बदलाची नोंद) तयार करतो. त्यामुळे पुढे इतिहास दाखवणारी 'गिट लॉग' आणि दोन आवृत्त्यांतील फरक दाखवणारी 'गिट डिफ' या आज्ञा नेहमीसारख्या चालतात.

जुन्या आणि मोठ्या विकीचे पहिले क्लोन फार वेळ घेते व सर्व्हरवरही ताण आणते. म्हणून हवी तेवढीच पाने किंवा वर्ग (पानांचे विषयवार गट) सेटिंगमध्ये नोंदवावेत, अथवा प्रत्येक पानाची फक्त शेवटची आवृत्ती घेणारा 'शॅलो' पर्याय निवडावा. अर्थात त्यात आपल्याला हवा असलेला मागचा इतिहास मिळणार नाही. चित्रे आपोआप येत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळे सेटिंग आहे. शिवाय हाती येतो तो विकीचा कच्चा मजकूर, साच्यांच्या (पानात पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या तयार मजकुराच्या) महिरपी कंसांसह. केवळ वाचनच करायचे असते, तर मी गिटऐवजी किविक्ससारख्या ऑफलाइन वाचकाची शिफारस केली असती.

दुरुस्त्या परत पाठवताना अधिक जपावे लागते. विकीतील पानाचा इतिहास एका सरळ रेषेत जातो, गिटसारख्या फांद्या (समांतर चालणारे बदल) त्याला ठाऊक नसतात. म्हणून पुश करण्यापूर्वी (आपले बदल विकीवर पाठवण्यापूर्वी) दर वेळी 'रिबेस'सह पुल करावे, म्हणजे विकीवरील नवे बदल आणून आपले बदल त्यांच्यावर रचावेत. दरम्यान दुसऱ्या कोणी तेच पान बदलले असेल, तर दोन बदलांमधील संघर्ष आपल्या लॅपटॉपवरच उघड होतो आणि तो शांतपणे सोडवता येतो. कमिटचा संदेशच विकीवर संपादन-सारांश म्हणून उमटतो, त्यामुळे 'किरकोळ बदल' एवढेच लिहून मोकळे होऊ नये. या प्रतीला पूर्ण बॅकअपही समजू नये, कारण सदस्यांची खाती, त्यांचे अधिकार आणि विकीची सेटिंग्ज तिच्यात नसतात. त्यासाठी सर्व्हर सांभाळणाऱ्यानेच डेटाबेसचा डंप (संपूर्ण प्रत) घेतला पाहिजे.

पानांची नावे मराठीत असतील, तर कोणत्या फायली बदलल्या ते दाखवणाऱ्या 'गिट स्टेटस'मध्ये त्यांच्या जागी तिरप्या रेघा आणि आकडे दिसतील. उदाहरणार्थ, 'म' या एका अक्षराचे ३४०, २४४, २५६ असे तीन तुकडे होतात. फाइल बिघडली असे समजू नये. 'कोअर.कोटपाथ' हे गिटचे सेटिंग 'फॉल्स' केले की नावे देवनागरीत दिसू लागतात.