इंटरपोलची नोटीस रद्द झाल्यावरही परदेशात आश्रय घेतलेल्या कार्यकर्त्याला वर्षानुवर्षं तुरुंगात कसं ठेवता येतं?

इद्रिस हसन यांचंच उदाहरण घ्या. चीनमधल्या उइघुर या मुस्लिम समाजातले हे संगणक अभियंते 2012 पासून तुर्कस्तानात राहत होते. उइघुरांच्या शिंजियांग प्रांतातल्या अत्याचारांच्या साक्षी गोळा करायला ते मदत करत. जुलै 2021 मध्ये इस्तंबूलहून मोरोक्कोतल्या कासाब्लांकाला विमानातून उतरले आणि तिथेच अटक झाली. कारण चीनच्या सांगण्यावरून इंटरपोलने काढलेली रेड नोटीस, आरोप दहशतवादाचा.

पुढच्याच महिन्यात इंटरपोलने ती नोटीस रद्द केली. मग सुटका का नाही? कारण नोटीस हा अटक वॉरंट नसतो, ती फक्त देशोदेशीच्या पोलिसांना दिलेली सूचना असते. तोवर चीनने मोरोक्कोकडे प्रत्यार्पणाची मागणी केली होती आणि दोन्ही देशांत तसा करार आहे. डिसेंबर 2021 मध्ये मोरोक्कोच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यार्पणाला मान्यता दिली. लगेच संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने सांगितलं, त्यांना पाठवू नका.

खरी कोंडी इथे झाली. मोरोक्कोने त्यांना चीनला पाठवलंही नाही आणि सोडलंही नाही. तिफ्लेतच्या तुरुंगात माणूस नुसता अडकून पडला, बायको आणि तीन मुलं तुर्कस्तानात. फेब्रुवारी 2025 मध्ये, साडेतीन वर्षांनी सुटका झाली आणि ते अमेरिकेला गेले.

माझ्या मते ती समिती मध्ये पडली नसती तर ते आज चीनच्या कोठडीत असते. पण प्रत्यार्पण थांबलं की कोठडीलाही ठरावीक मुदत हवी, आणि तीच कुणी घालून दिली नव्हती.